सकाळी अकराचा तास

लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. नव्याने पाहणाऱ्याला पहिली दोन मिनिटे अगदी निरस वाटतील. अध्यक्ष नाव पुकारतात, खासदार उठून फक्त प्रश्नाचा क्रमांक सांगतात, मंत्री म्हणतात, "निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे." छापील उत्तर सगळ्यांच्या हाती आधीच आलेले असते. खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात आणि ते काय असतील, हे मंत्र्याला ठाऊक नसते. मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. मंत्री फाईल चाळतात, अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी येते, पण उत्तर उभे राहून स्वतःच द्यावे लागते. खात्याची जाण किती आहे, ते तिथे लगेच कळते.

प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते. खात्यांचे वार ठरलेले असतात आणि क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो. तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित प्रश्न दिवसाला वीसच. त्यातले मोजकेच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे कागदावर राहतात.

मंत्र्याने उत्तर द्यायचे कशासाठी? राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदात त्याचे कारण आहे: मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडून येतो, काँग्रेसमध्ये बहुमत नसले तरी त्याची खुर्ची टिकते. आपल्याकडे पंतप्रधान सभागृहाचा विश्वास आहे तोवरच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ मते पडली, विरोधात २७०, आणि सरकार गेले. असे दिवस लक्षात राहतात. मला मात्र वाटते, या पद्धतीचा कस अशा मतदानापेक्षा रोजच्या प्रश्नांत जास्त लागतो. बहुमत भक्कम असेल तर अविश्वासाचा ठराव फेटाळला जाणार, हे आधीच ठाऊक असते. पुरवणी प्रश्नाचे तसे नाही.

त्यातही सत्ताधारी बाकावरून आलेला प्रश्न फार मोलाचा. १९५७ साली सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपयांचे शेअर घेतले होते. हा व्यवहार लोकसभेत लावून धरला तो फिरोज गांधींनी. ते काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. आधी प्रश्न आले, त्यांना मोघम उत्तरे मिळाली, मग डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी कागदपत्रांच्या आधारे सविस्तर भाषण केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी आली. त्यांनी ती मुंबईत, उघडपणे, लोकांसमोर चालवली. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सरकारचे बहुमत जागच्या जागी होते, तरीही मंत्री गेला. संसदीय जबाबदारी म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

१९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्याचे मत पक्षादेशाला बांधले. व्हिप मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार रोखण्यासाठी कायदा हवाच होता, पण त्याने सदस्याची स्वतंत्र बुद्धीही आवळली, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न विचारणे म्हणजे मतदान नव्हे, त्यामुळे या कायद्याचा फास तिथे लागत नाही. सत्ताधारी खासदाराला आपल्याच मंत्र्याला अडचणीचे विचारण्याची वाट आजही मोकळी आहे. त्या वाटेने फार थोडे जातात, याचे दुःख वाटते.

म्हणूनच अकरा वाजता घोषणा सुरू होतात, सदस्य हौद्यात उतरतात आणि बारापर्यंत कामकाज तहकूब होते, तेव्हा नेमके काय बुडाले ते पाहायला हवे. त्या दिवशीच्या तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर जातात आणि नोंदीत छापली जातात. खात्याने लिहिलेला मजकूर शाबूत राहतो. बुडतात त्या पुरवण्या. गोंधळ विरोधकांनी घातला असो वा सत्ताधाऱ्यांनी, त्या दिवशी मंत्र्याला उठून उभे राहावे लागत नाही.