तो मोर नेमका किती लांब?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

अमेरिकेत टर्कीची शिकार करणारे एका प्रश्नावर फार डोकं लावतात: पक्षी किती लांब आहे? छर्‍याच्या बंदुकीसाठी बरेच जण ४० यार्ड, म्हणजे साधारण ३७ मीटर, ही मर्यादा धरतात. त्यापुढे छर्रे विखुरतात, पक्षी जखमी होऊन पळतो आणि झुडपात तडफडतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. पण टर्कीच्याच कुळातला मोर आपल्या बीड जिल्ह्यात आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगाव अभयारण्य १९९४ मध्ये खास त्याच्यासाठीच जाहीर झालं. त्याला मारायचं नाही, मोजायचं आहे. अंतराचा प्रश्न मात्र तोच.

समजा तुम्ही एका जागी उभे राहून ४० मीटरच्या आतले मोर मोजले. प्रत्यक्षात तुमचे ते ‘४० मीटर’ ५० भरले. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलतं. १६०० ला २५०० ने भागा. म्हणजे तुम्ही जेवढी जागा धरली, ती खऱ्या जागेच्या फक्त ६४ टक्के. मोर तेवढेच, जागा कमी, त्यामुळे घनता ५६ टक्क्यांनी फुगते. अंतरात वीस टक्क्यांची चूक, आकड्यात दीडपटीहून जास्त. अशा आकड्यावर कुणी ‘मोर वाढले’ म्हणालं तर काय करणार?

डोळा का फसतो? मी परळीचा, कामाला पुण्यात. पाऊस पडून हवा धुतली गेली की बालाघाटाचे डोंगर हाताला लागतील असे वाटतात. उन्हाळ्याच्या धुरकट दुपारी तेच डोंगर मागे सरकतात. शिवाय नांगरलेल्या काळ्या रानात मध्ये झाड नाही, बांध नाही, की डोळ्याला धरायला काहीच उरत नाही. मध्ये ओढा असेल तर पलीकडचा मोर अजूनच जवळ भासतो.

मग करायचं काय? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्की फूटपट्टी आहे: क्रिकेटची खेळपट्टी. २२ यार्ड, २०.१२ मीटर. जमिनीवर मनातल्या मनात एकापुढे एक खेळपट्ट्या टाकत जा. दोन भरल्या की ४० मीटर. तीन-चारच्या पुढे मात्र ही युक्ती ढिली पडते. तिथे मधलं एखादं झुडूप निवडा, तिथपर्यंतचं अंतर ठरवा आणि दुप्पट करा.

दुसरी युक्ती अंगठ्याची. हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा, अंगठा मोरावर धरा. आता दुसरा डोळा मिटा. अंगठा बाजूला उडी मारेल. ती उडी किती मीटरची, त्याला दहाने गुणा. दहाच का? दोन डोळ्यांतलं अंतर सुमारे ६ सेंटीमीटर, हात सुमारे ६० चा. पिसारा धरून मोठा मोर दोन मीटरच्या आसपास भरतो. अंगठा दोन मोर सरकला तर ४ मीटर, म्हणजे मोर ४० मीटरवर. अट एवढीच, की मोर आडवा उभा हवा, तुमच्याकडे तोंड करून नाही.

आणि फोन? आयफोन प्रोमधला लिडार जेमतेम पाच मीटरपर्यंत चालतो. झूम तर उलट फसवतो, कारण स्क्रीनवर मोर मोठा दिसला की मेंदू त्याला जवळ समजतो. त्यामुळे अंतर आधी उघड्या डोळ्यांनी ठरवा, फोटो नंतर काढा. मोर उडून गेल्यावर पावलांनी मोजून पडताळा. आधी १०० मीटरला तुमची किती पावलं पडतात ते मैदानावर एकदा काढून ठेवा. ७५ सेंटीमीटरचं पाऊल असेल तर १३३. अंदाज आणि मोजलेला आकडा दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. वीसेक नोंदी झाल्या की तुमचा डोळा नेहमी कमी सांगतो की जास्त, हे कळेल. मग तेवढी दुरुस्ती पुढच्या प्रत्येक मोजणीत धरता येते.