उतरंड

शाळेच्या पुस्तकात त्याला ‘पिरॅमिड’ म्हणतात. मुले तो शब्द पाठही करतात. पण आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या उतरंड उभी असताना इजिप्तपर्यंत जाण्याचे काय कारण, हे मला कळत नाही. तळाला मोठा रांजण, त्यावर लहान मडके, मग त्याहून लहान, आणि शेंड्याला बोटभर गाडगुले. निसर्गात कोण कोणाला खातो याचा हिशेब मांडला की हीच उतरंड तयार होते. तळाशी हिरव्या वनस्पती, त्यांवर त्या खाणारे जीव, त्यांवर त्या जिवांना खाणारे!

वरची मडकी लहान का, हा प्रश्न चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली आपल्या पुस्तकात मांडला. त्याला पक्का पाया दिला तो अमेरिकेतील रेमंड लिंडमन या तरुणाने. मिनेसोटातील एका लहानशा पाणथळ तळ्याचा त्याने काही वर्षे अभ्यास केला. सूर्याकडून मिळालेली ऊर्जा एका पायरीवरून दुसरीवर जाताना बहुतांश खर्ची पडते. ढोबळमानाने दहावा हिस्साच वर पोचतो. बाकीची जीव जगण्यात, हिंडण्यात, उष्णतेत जाते. १९४२ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला, आणि हा निबंध छापून आला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

आमच्या डोंबिवलीहून ही उतरंड पाहायला लांब जावे लागत नाही. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. लहान रोहित चोच उलटी करून चिखलपाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, म्हणजे तो थेट रांजणाच्या तोंडाशी बसलेला! म्हणून त्याचे थवे हजारांनी मोजावे लागतात. त्याच खाडीवर मासे टिपणारी ब्राह्मणी घार मात्र एखाददुसरी दिसते. तिच्या वाट्याला शेवाळाचा कितवा हिस्सा आला, याचा हिशेब वाचकांनीच करावा. या खाडीचा काही भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, आणि २०२२ साली तिला रामसर यादीतही स्थान मिळाले.

पाण्यात कधी कधी उतरंड उलटी दिसते. तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींचे वजन केले तर ते त्यांना खाणाऱ्या किड्यांहून कमी भरते. यात नवल नाही. स्टेशनाबाहेरच्या वडेवाल्याच्या परातीत एका वेळी वीसच वडे दिसतात, म्हणून दिवसभरात विसांचेच पोट भरले असे कोणी म्हणत नाही. कढईतून घाण्यामागून घाणा निघतच असतो. ऊर्जेची उतरंड मात्र कधीच उलटी होत नाही.

ऊर्जा अशी वाटेत आटते, पण काही विषे आटत नाहीत. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात चिलटे मारण्यासाठी १९४९ पासून तीन वेळा डीडीडी हे कीटकनाशक घातले. पाण्यात त्याचे प्रमाण दशलक्षात ०.०२ इतकेच होते. सूक्ष्म जिवांत ते पाचावर गेले आणि मासे खाणाऱ्या पाणडुब्यांच्या चरबीत १६०० वर! हजारावर जोड्यांची ती वसाहत उजाड झाली.

आमच्या गावात २०१४ साली हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, २०२० साली औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला. रंग दिसला म्हणून आरडाओरड तरी झाली. पाण्यात मिसळलेला पारा असा दिसत नाही, आणि तोही याच उतरंडीने चढतो. मोरीसारखे मोठे शिकारी मासे त्यात वरच्या गाडग्यात बसतात. गरोदर बायकांनी असे मासे टाळावेत, असे अनेक देशांतले डॉक्टर सांगतात ते एवढ्यासाठीच. समुद्रातली मांदेली लहान, थोडे आयुष्य असलेली आणि तळाजवळची. मासळीबाजारात तिच्या टोपलीपाशी थांबायला हरकत नाही.