समुद्र लांब, भेडाघाट जवळ

जबलपूरच्या नेपियर टाउनातून समुद्र गाठायचा तर रेल्वेतच दिवस जातो. म्हणून डिसेंबरचं ऊन पडलं, की आम्ही मैत्रिणी सुमारे २० किलोमीटरवरचा भेडाघाट गाठतो. आधी धुआँधार: नर्मदा कोसळते आणि तुषारांनी चष्मे पांढरे होतात. मग पंचवटी घाटावरून नाव. संगमरवरी कडे उन्हात पांढरेफटक, सावलीत निळसर. नावाडी यमकं जुळवत थापा मारतो. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'चं (१९६०) चित्रीकरण इथलं, हे मात्र खरं. पावसाळ्यात नावा बंद असतात. चौसष्ट योगिनींचं कलचुरीकालीन गोलाकार देऊळ चुकवू नका, गुडघे कुरकुरले तरी. पायऱ्या शंभरावर आहेत. पोटभर जेवण उतरल्यावरच करा.