बी.एस्सी. फिजिक्स कुठे करावं? चाळीस वर्षांचा मागोवा

महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या पदवी शिक्षणाची गोष्ट १९८३पासून सुरू करावी लागते. गंमत म्हणजे त्या वर्षी भौतिकशास्त्रात आपल्याकडे काहीच घडलं नव्हतं. घडलं ते इंजिनिअरिंगमध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. तोवर इंजिनिअरिंगच्या मोजक्या जागा हुकल्या की चांगल्या मार्कांची मुलं मुकाट्याने बी.एस्सी.ला येत आणि त्यातली काही फिजिक्समध्ये रमून जात. आता पैसे मोजायची तयारी असली की इंजिनिअरिंगची जागा मिळू लागली. बी.एस्सी.चा वर्ग म्हणजे ‘कुठेच नंबर न लागलेल्यांचा’ असा समज तिथून घट्ट झाला आणि फिजिक्सचं कॉलेज नीट पारखून निवडायची सवयच घरांमधून गेली. जे घराजवळ, ते आपलं.

खरं तर तेव्हा हा सौदा फार चांगला होता. फर्ग्युसन, एस. पी., रुईया, झेवियर्स, सांगलीचं विलिंग्डन, कोल्हापूरचं राजाराम, मुंबई-नागपूरच्या सरकारी विज्ञान संस्था ही सगळी कॉलेजं अनुदानित किंवा सरकारी. प्राध्यापकांचे पगार शासन देणार, त्यामुळे विद्यार्थ्याची फी बारावीच्या एखाद्या क्लासच्या फीपुढे किरकोळ वाटावी इतकी. त्या फीत पूर्णवेळ, कायम नेमणुकीचे, वर्षानुवर्षं तोच विषय शिकवणारे शिक्षक मिळत. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, बॅलिस्टिक गॅल्व्हनोमीटर, कॅटरचा लंबक ही जुनी पण दणकट उपकरणं असत. न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगात कडी मोजताना डोळे दुखायचे, पण मोजावी लागायचीच. सिनिअरचं जर्नल उतरवून काढणारे तेव्हाही होते, नाही असं नाही. पण व्हायवाला बाहेरून येणारा परीक्षक तीन प्रश्नांत त्यांना उघडं पाडायचा.

पुस्तकंही स्वस्त होती. मुंबईत फोर्टातल्या पीपल्स बुक हाऊसमध्ये मीर प्रकाशनाची सोव्हिएत पुस्तकं मिळत. इरोडॉव्हची गणितं तिथून घेऊन आलेली एक अख्खी पिढी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तो झरा आटला. त्याच सुमारास, पुढे आयआयटी कानपूरला शिकवणाऱ्या एच. सी. वर्मांचे दोन खंड आले आणि पुढची तीस वर्षं त्यांनी निभावून नेली.

त्या काळच्या या स्वस्ताईत एक मोठा खड्डा होता. बी.एस्सी.च्या मुलाला खरं संशोधन कसं चालतं ते दिसतच नसे. संशोधन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चाले, पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चाले, कॉलेजात नाही. १९८८ साली जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि या खड्ड्यावर निदान एक साकव पडला. शेजारी टाटा संस्थेचं एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आलं, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण आकार घेऊ लागली. पुण्यातल्या एस.वाय., टी.वाय.च्या मुलांना व्याख्यानांना जाऊन बसता येऊ लागलं, उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाकडे छोटं काम मिळू लागलं. मुंबईत हेच काम होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने केलं. २००४पासून तिथल्या ‘नियस’ उपक्रमात पदवीची मुलं सुट्टीत येऊन महिनोन्‌महिने एखाद्या प्रकल्पावर खपू लागली. पुण्या-मुंबईच्या साध्या, कमी फीच्या कॉलेजांची किंमत या शेजाऱ्यांमुळे न बोलता वाढली. परभणीच्या किंवा यवतमाळच्या कॉलेजची फी तेवढीच होती, कदाचित शिक्षकही तितकेच चांगले असतील. पण त्यांना असा शेजार नव्हता. माझ्या मते या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि फीच्या तक्त्यात तो कधीच दिसला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअर कंपन्या बी.एस्सी.वाल्यांनाही घेऊ लागल्या. टी.वाय. झालं की एम.सी.ए. किंवा थेट नोकरी. त्याबद्दल नाकं मुरडण्यात अर्थ नाही. अनेक घरं त्यावर उभी राहिली.

मोठा बदल झाला तो २००६ साली. पुणे आणि कोलकाता इथे आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था सुरू झाल्या, पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेऱ्हामपूर. २००७मध्ये भुवनेश्वरला नायसर आणि मुंबईत कालिना संकुलात अणुऊर्जा विभाग व मुंबई विद्यापीठ यांचं मूलभूत विज्ञान केंद्र आलं. या दोन्हींसाठी नेस्ट ही एकच परीक्षा. २०११ला बंगळुरूच्या आयआयएससीनेही पदवीचे वर्ग उघडले. बारावीनंतर थेट संशोधन संस्थेत, आयसरमध्ये पाच वर्षांत बी.एस.-एम.एस., वसतिगृह तिथेच, आणि ज्यांचे शोधनिबंध छापून येतात तेच लोक फळ्यासमोर. याला जोड मिळाली इन्स्पायरची. २००८मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान निवडलेल्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपये ठरले. त्यातले ६०,००० हातात, २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार जुनी आहे. तरी फिजिक्स शिकण्याबद्दल सरकार पैसे देतं, हे वडिलांना सांगता येणं यालाच मोठा अर्थ होता. ही शिष्यवृत्ती आयसरपुरती नव्हती, साध्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्यालाही मिळत होती. हे कित्येक ठिकाणी मुलांना कुणी सांगितलंच नाही.

आयसरची वसतिगृहासकट फी अनुदानित कॉलेजच्या फीहून कितीतरी जास्त. पण लातूरहून पुण्याला आलेल्या मुलीचा हिशेब मांडून बघा. कॉलेजची फी ही त्यातली सगळ्यात लहान रक्कम. खरा खर्च पेठेतल्या कॉट बेसिसच्या जागेचा आणि मेसचा. हा धरला की दोन्हींतलं अंतर पुष्कळ कमी होतं. शिष्यवृत्ती धरली की आणखी कमी.

मग खर्च गेला कुठे? तो प्रवेश परीक्षेकडे सरकला. सुरुवातीला आयसरमध्ये शिरायचे तीन दरवाजे होते: १९९९पासून चालत आलेली केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती परीक्षा, आयआयटीची जेईई आणि बोर्डाचे गुण. केव्हीपीवाय २०२२ला इन्स्पायरमध्ये विलीन होऊन संपली. २०२४पासून आयसरची स्वतःची ॲप्टिट्यूड टेस्ट एवढाच दरवाजा राहिला. एक परीक्षा म्हटलं की क्लास आलेच. म्हणजे स्वस्त सरकारी शिक्षणापर्यंत पोचायला अकरावी-बारावीची दोन वर्षं महाग क्लासात घालवायची, आणि ज्याला क्लास परवडत नाही तो दारातच अडणार. संस्था उत्तम उभ्या राहिल्या यात शंका नाही. त्यांच्यापर्यंतची वाट मात्र नव्वदच्या दशकात रुईयाला प्रवेश घेण्याइतकी सोपी राहिली नाही.

दरम्यान जुन्या कॉलेजांचं काय झालं? प्राध्यापक निवृत्त होत गेले, भरती रखडली आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरचे शिक्षक आले. नेट-सेट, पीएच.डी. झालेली, जीव तोडून शिकवणारी ही माणसं. पण तासावर पैसे मिळणारा शिक्षक प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत कशाच्या बळावर थांबणार? त्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नसतं. त्याच इमारतीत विनाअनुदानित कम्प्युटर सायन्सच्या तुकड्या भरभरून चालल्या आणि फिजिक्सचा टी.वाय.चा वर्ग एका बाकावर मावू लागला. अशी कॉलेजं अजून स्वस्त आहेत. पण ज्या पगाराच्या जोरावर ती स्वस्त असूनही चांगली होती, तो पगारच आटत चालला आहे.

गणिताचंही सांगायला हवं, कारण कॉलेज निवडताना ते फार थोडे बघतात. मुंबई विद्यापीठात पूर्वी टी.वाय.ला सहा युनिट फिजिक्स घ्यायचं की तीन युनिट फिजिक्स आणि तीन युनिट मॅथ्स, यावर घराघरात खल व्हायचा. आता नव्या धोरणात मेजर-मायनर आलं, चार वर्षांचं ऑनर्स आलं. मायनर म्हणून गणित मिळतं का हे कॉलेजवर अवलंबून, तिथे शिक्षक आणि वेळापत्रक जमतं का यावर. गणित सुटलं की पुंजयामिकी केवळ पाठ करायचा विषय उरतो, आणि अशा मुलाला पुढे एम.एस्सी. जड जाते. फीत वाचलेले पैसे तिथे एखादं अख्खं वर्ष घेऊन जातात.

इतक्या वर्षांचा हिशेब मांडला तर मला तरी असं दिसतं की फिजिक्समध्ये पदवीची फी ही कधीच निर्णायक गोष्ट नव्हती. पीएच.डी.ला तर उलट पैसे मिळतात. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०१९ला महिना ३१,००० होती, २०२३पासून ३७,००० आहे. तिथवर जो मधेच न थकता पोचला त्याचा सौदा चांगला. आयसर, नायसर, आयआयएससी, कालिन्याचं केंद्र यांत प्रवेश मिळाला तर डोळे मिटून घ्यावा. नाही मिळाला तर कर्ज काढून खासगी विद्यापीठाच्या चकचकीत बी.एस्सी.ला जाण्यात मला काही राम दिसत नाही. घराजवळचं बऱ्यापैकी अनुदानित कॉलेज, सोबत गणित, उन्हाळ्यात कुठेतरी प्रकल्प, आणि तिसऱ्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीची किंवा चांगल्या विद्यापीठाची एम.एस्सी. ही वाट आजही सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात लांब नेते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पातळ फिल्म्सच्या संशोधनात नाव कमावलं ते बहुतेक अशाच, गावाकडून आलेल्या मुलांच्या बळावर.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ साली केंद्राने तिला २,६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या कॉलेजांना पहिल्यांदाच असा शेजार मिळतो आहे. पुण्याच्या मुलांना आयुकाने जे दिलं ते हिंगोली-नांदेडच्या मुलांना मिळायचं, तर विद्यापीठाने आणि कॉलेजांनी आतापासून दार ठोठावायला हवं. वेधशाळा तयार झाल्यावर सहल नेऊन भागणार नाही.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या कॉलेजात एक चक्कर मारा, पण प्राचार्यांच्या केबिनमध्ये नको. टी.वाय.च्या दोन मुलांना गाठा. एका उपकरणावर किती जण बसतात, मागच्या वर्षीचे सर या वर्षी आहेत का आणि उन्हाळ्यात कोण कुठे गेलं होतं, एवढं त्यांना विचारा.