राम आळीतलं पहिलं पायदान

कॅसेट भरायला टाकताना दुकानदाराला पाठकोऱ्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यावी लागे. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. पाच मिनिटांचं एक गाणं धरलं तर या बाजूला सहा, त्या बाजूला सहा. तेराव्या गाण्याला जागा नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या राम आळीत, त्या काउंटरला टेकून, आम्ही पोरं जी खोडाखोड करत असू, तीच आमची गाण्यांची क्रमवारी. एक गाणं वर गेलं की दुसरं खाली सरकायचं आणि शेवटचं यादीबाहेर पडायचं. पैसे एकाच कॅसेटचे असत.

नव्वदच्या दशकातल्या गाण्यांचे नंबर लावायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा तो कागद आठवला. कारण आपल्याकडे नंबर लावायची दुसरी भरवशाची सोय नव्हती. ब्रिटनमध्ये रेकॉर्डविक्रीवरची पहिली क्रमवारी नोव्हेंबर 1952 मध्ये छापून आली. योगायोग असा की त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात नंबर नव्हते. ते पुढे आले आणि त्यांच्यासोबत ‘पायदान’ हा शब्द घरोघर गेला. दुकानांतली रेकॉर्डविक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यांवरून कोणतं गाणं कुठल्या पायदानावर ते ठरे. 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली. नव्वदीच्या पहिल्या काही वर्षांत ती थांबली, आणि देशभराने मान्य केलेला एकच नंबर देणारा आवाजही थांबला. तिकडे अमेरिकेत 1991 मध्ये ‘बिलबोर्ड’ने दुकानदारांच्या सांगण्यावर विसंबणं सोडलं आणि बारकोडच्या नोंदींवरून विक्री मोजायला घेतली. आपल्याकडे मात्र टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटी पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत विकल्या जात होत्या, आणि विकलेल्या एका कॅसेटवरून दहा घरांत भरून घेतल्या जात होत्या. त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

म्हणून मी माझ्या गावाचा हिशेब मांडतो. त्यासाठी दोन कसोट्या धरल्या आहेत. पहिली म्हणजे भरायच्या यादीतली जागा. दुसरी कोकणाबाहेरच्या वाचकाला समजावून सांगावी लागेल: जाखडीवाल्यांनी त्या गाण्याची चाल उचलली का?

जाखडी म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी बाल्या नाच. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारे शाहीर, भोवती गोल धरून पायांत चाळ बांधलेले नाचे. गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत अंगणं जागी असतात ती या नाचाने. शक्तीवाले आणि तुरेवाले हे जाखडीतले दोन पक्ष समोरासमोर आले की सवाल-जवाब रात्रभर चालतात. विषय पुराणातला असतो, टोमणे ताजे असतात, आणि चाल पुष्कळदा त्या वर्षी गाजलेल्या गाण्याची असते. आमच्या वाडीतले एक शाहीर म्हणत, ‘चाल लोकांच्या कानातली घ्यायची, बोल आपले टाकायचे. मग लोक बोलाकडं लक्ष देतात.’ लहानपणी मला ही उचलेगिरी वाटे. आता वाटतं, गाण्याला याहून मोठा मान नाही. एखादी चाल चाळाच्या ठेक्यावर बसली आणि तिच्यातून पार्वतीची कथा सांगता आली, तर ती चाल खरोखर लोकांची झाली.

गाणी आमच्यापर्यंत पोचायचीही एक रीत होती. जूनमध्ये मुंबईत वाजू लागलेलं गाणं भाद्रपदात चाकरमान्यांच्या पिशवीतून उतरे. माझा मामा लालबागला असायचा. रात्रभर एसटीत बसून, अंग आंबवून तो सकाळी आला की आजी पाण्याचा तांब्या पुढे करी आणि आम्ही पिशवीत हात घालत असू. मोदकाच्या साच्याशेजारी कॅसेटी असत. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि मामाचा प्रवास सोपा झाला. तोवर केबलवर चॅनल व्ही आणि एमटीव्ही आले होते, त्यामुळे पिशवीची वाट पाहण्यातली ओढही कमी झाली होती.

आता नंबर. सिनेमाची गाणी बाजूला ठेवतो, नाहीतर सगळी पायदानं तीच अडवतील.

चौथ्या जागी ‘मेड इन इंडिया’. 1995 सालचं अलिशा चिनॉयचं हे गाणं वरच्या नंबरावर नाही म्हणून कोणी रागावेल, पण माझी कसोटी गावाची आहे. संगीत बिद्दू यांचं. बंगळूरहून लंडनला गेलेला हा माणूस 1974 मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ जगभर वाजवून आला होता, पुढे नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ आणि ‘डिस्को दीवाने’ गाऊन घेतलेलं त्याने. म्हणजे भारतीय पॉपचा पाया घालणाराच पंधरा वर्षांनी पुन्हा आला होता. केन घोष यांनी केलेल्या चित्रफितीत राजकन्येपुढे पेटीतून जो तरुण बाहेर येतो तो मिलिंद सोमण, आपल्या शिवाजी पार्कात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर पोहलेला. आमच्या आळीतल्या आत्या-मावश्यांना गाण्याचे शब्द कळोत न कळोत, ‘तो सोमणांचा मुलगा’ हे सगळ्यांना माहीत होतं. सिनेमात नसलेलं गाणं सिनेमाच्या गाण्याइतकं मोठं होऊ शकतं, हे आम्हाला या गाण्याने दाखवलं. पण ते बघायचं गाणं होतं. जाखडीत मी त्याची चाल कधी ऐकली नाही.

तिसऱ्या जागी ‘ओ सनम’. 1996च्या ‘सुनो’ या अल्बममधलं. लकी अली हे मेहमूद यांचे चिरंजीव, पण आवाजात वडिलांच्या विनोदाचा मागमूस नाही. थोडा घोगरा, कुठे बेताचा सुटलेला, गाणाऱ्याने गाता गाता विचार करावा तसा आवाज. चित्रफितीत इजिप्तचं वाळवंट आणि पिरॅमिड. मांडवीच्या काळ्या वाळूत बसून आम्ही ते वाळवंट डोळ्यांपुढे आणत असू. तोवर ‘चांगला आवाज’ म्हणजे तयारीचा, घोटून घेतलेला आवाज, असं माझ्या पेटी शिकवणाऱ्या गुरुजींनी मनावर ठसवलं होतं. या गाण्याने तो समज हलवला. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराने पहिल्या महिन्यात हे गाणं वाजवून पाहिलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते एकदा झालं नाही असं वर्ष मला आठवत नाही.

दुसऱ्या जागी दलेर मेहंदी यांचं ‘बोलो ता रा रा’, 1995. यावर तपशिलात बोलायला हवं, कारण माझ्या दुसऱ्या कसोटीत हे गाणं पहिलं येतं. पाटण्यात जन्मलेला गायक, पंजाबी भाषा, आणि ऐकणारे आम्ही कोकणातले. शब्दाचा अर्थ शंभरात एकालाही लागत नव्हता. पण भांगड्याचा ठेका आठ मात्रांचा, आणि जाखडीच्या ढोलकीवाल्याचा हात त्याच आठ मात्रांत मुरलेला. ढोलाचा जो दणका आहे तो ढोलकीच्या धुमावर उतरवायचा, एवढंच काम. त्या वर्षी एका अंगणात शाहिरांनी गण संपवून गवळण सुरू केली, आणि पहिल्या ओळीलाच माणसं उठून उभी राहिली. चाल दलेर मेहंदींची, बोल कृष्णाने अडवलेल्या गौळणीचे. माझे आजोबा टीव्हीवरच्या या गाण्याला ‘काय तो गोंगाट’ म्हणत. ते अंगणात मांडीवर ताल धरून बसले होते. त्यांना मी चालीचं मूळ सांगितलं नाही. मुंबईच्या लग्नांत आणि मिरवणुकांत बेंजोवाल्यांनीही हीच चाल उचलली. पुढे 1998 मध्ये ‘तुनक तुनक तुन’ आलं. चित्रफिती सुंदर मुलींच्या जोरावर चालतात, या टीकेला उत्तर म्हणून त्यात चार दलेर मेहंदीच नाचतात. तेही गाजलं, पण आमच्याकडे ‘ता रा रा’ची जागा त्याला मिळाली नाही.

मधेच एक गाणं क्रमवारीबाहेरचं सांगतो, कारण ते रत्नागिरीत फारसं कोणी ऐकलं नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत चक्क पहिल्या नंबरावर असलेल्या गाण्याचं नाव होतं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. कॉर्नरशॉप नावाचा तिथला गट, गाणारे तजिंदर सिंग, आणि गाण्यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. मूळ गाणं खालीच अडकलं होतं, नॉर्मन कुक यांनी त्याची गती वाढवून नवं रूप दिल्यावर ते वर गेलं. सांगलीत जन्मलेल्या, मंगेशीचं नाव लावणाऱ्या घराण्यातल्या गायिकेचं नाव इंग्रजांच्या पहिल्या पायदानावर. त्याच सुमारास, 1997 मध्ये, साठी ओलांडलेल्या आशाताई लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ करत होत्या. त्यांच्या वयाच्या आमच्या आजीने ती कॅसेट स्वतः मागून ऐकली.

आणि मराठी? मराठी पॉप नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी वेसावकर आणि मंडळींच्या कोळीगीतांच्या कॅसेटी आठवाव्यात. ‘वेसावची पारू’ मिरकरवाड्याच्या बंदरात होडीहोडीवर वाजत असे. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याची कॅसेट तर नव्वदी उजाडण्याआधीपासून एसटीच्या थांब्यांवर वाजत आली होती. या गाण्यांना वर्तमानपत्रांनी कधी नंबर दिला नाही, कारण ती ऐकणाऱ्यांची मतं कोणी विचारली नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं. विक्रीचा प्रामाणिक हिशेब कोणी ठेवला असता तर दशकाच्या यादीत ही नावं बरीच वर असती.

पण माझं पहिलं पायदान वेगळ्याच गाण्याचं आहे, आणि तिथे मी माझी जाखडीची कसोटी मोडतो. दशकाच्या शेवटी मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आला. शब्द सौमित्र यांचे, म्हणजे अभिनेते किशोर कदम यांचे. आधी कवीने कविता बोलून दाखवायची आणि तिच्यातूनच गाणं उगवायचं, अशी मांडणी. गिटार आणि कीबोर्ड, पण भाषा आपली, घरातली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात पावसाची गाणी कमी नव्हती. आमच्याकडचा पाऊस म्हणजे लावणीचा, गळक्या कौलांचा, आठ-आठ दिवस न वाळणाऱ्या कपड्यांचा. हा अल्बम ऐकून पहिल्यांदा वाटलं की विशीतल्या पोरालाही या पावसात काहीतरी म्हणायचं असतं आणि ते मराठीत म्हणता येतं. तोवर मनातलं सांगायला आम्ही हिंदी गाणी उसनी घेत होतो. माझ्या एका मित्राने पूर्ण कॅसेट भरून एका मुलीला दिली. यादीत दुसरं गाणंच नव्हतं. दोन्ही बाजूंना ‘गारवा’.

तो जुना कागद हरवला, कॅसेट मात्र आईने बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. कोकणातल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, म्हणून डब्याचं झाकण ती घट्ट लावायची. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘नव्वदची घेऊ नको, फीत पातळ असते, गुंतते.’ त्याचं खरं होतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत तेवढ्याच चकतीत जास्त लांबी मावावी म्हणून पातळच करतात. म्हणून मी साठची घेतली आणि हट्टाने एका बाजूला सातवं गाणं बसवायला लावलं. ते ‘ओ सनम’ होतं. तीस मिनिटं संपली आणि गाणं अर्ध्यावर तुटलं. पुढची कितीतरी वर्षं मी ते तेवढंच ऐकलं. आता मोबाइलवर पूर्ण ऐकतो, पण त्या ओळीपाशी आलं की अजून कान टेपरेकॉर्डरचं बटण उडण्याच्या आवाजाची वाट बघतात. खट्.