प्रायश्चित्त : देणारा कोण आणि घेणारा कोण?

ख्रिस्ताने आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त केले, असे आपण उत्तम शुक्रवारी उपदेशपीठावरून सांगतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाने कोणता अर्थ उमटतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मराठीत प्रायश्चित्त म्हणजे अपराध्याने स्वतः करावयाचे कृत्य : उपवास, व्रत, दान किंवा तीर्थस्नान. बली म्हटले की ग्रामदेवतेला नवस फेडण्यासाठी दिलेला बोकड डोळ्यांपुढे येतो. तेथे देणारा मनुष्य, घेणारी देवता आणि हेतू तिचा कोप शमविण्याचा असतो. शास्त्रलेखांच्या अनुवादकांनी हे शब्द लोकभाषेतून घेतले ते योग्यच केले. परंतु शब्दाबरोबर त्याची जुनी दिशाही आली, तर पिता कोपिष्ट देवता आणि पुत्र बोकड असे विपरीत चित्र उभे राहते. अशा श्रोत्याची प्रीती पुत्रावर जडते आणि पित्याविषयी मात्र केवळ धास्ती उरते.

शास्त्रलेखांतील दिशा याच्या उलट आहे. रक्तात जीव असतो आणि वेदीवर प्रायश्चित्तासाठी ते देवानेच इस्राएलास दिले आहे, असे लेवीय १७:११ सांगते. म्हणजे हा विधी मनुष्याने शोधलेला उपाय नसून, क्षमा करू इच्छिणाऱ्या देवाने स्वतः उघडलेली वाट होती.

याच संदर्भात एका ग्रीक शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रोमकरांस पत्र ३:२५ येथे जो ‘हिलास्टेरिऑन’ हा शब्द आला आहे, तोच इब्री लोकांस पत्र ९:५ येथे कराराच्या कोशावरील दयासनासाठी वापरला आहे. मराठीत एके ठिकाणी ‘प्रायश्चित्त’ व दुसरे ठिकाणी ‘दयासन’ असे वाचल्याने हे नाते झाकले जाते. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक पडद्याआड जाऊन त्या दयासनावर रक्त शिंपडीत असे (लेवीय १६). पौलाच्या मते देवाने ख्रिस्ताला सर्वांदेखत पुढे ठेवले. जे पडद्याआड होते ते आता उघड्यावर आले, आणि ते ठेवणारा स्वतः देव आहे.

मग देवाच्या क्रोधाचे काय? तो आपण वगळू नये. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याचा उल्लेख आहे. पण हा क्रोध म्हणजे लहरी रुसवा नव्हे. पापाशी कधीही तडजोड न करणारी ती देवाची पवित्रता आहे. ख्रिस्त मेला म्हणून देव आपणांवर प्रीती करू लागला, असे नाही; आपण पापी असतानाच त्याने प्रीती केली, म्हणून ख्रिस्त मेला (रोम ५:८). पुत्रानेही आपला प्राण स्वखुशीने दिला (योहान १०:१८). पिता व पुत्र यांची इच्छा येथे एकच आहे.

याचा परिणाम प्रत्यक्ष मंडळीत दिसला पाहिजे. मूल आजारी पडले की काही विश्वासणारे मंडळीला अमुक रक्कम देण्याचे बोलतात, आणि ते बरे न झाल्यास आपलेच दान अपुरे पडले असे मानून खचतात. नाव ख्रिस्ताचे, पण रीत नवसाची! अशा घरी धर्मशिक्षकाने इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय उघडावा. जुना याजक दररोज उभा राहून तेच ते यज्ञ करी. ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. त्याचे कार्य पुरे झाले, म्हणून तो बसला. त्या मातापित्यांकडून देवाचे काहीही येणे राहिलेले नाही, आणि मुलाचे दुखणे ही थकलेल्या ऋणाची वसुली नव्हे, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

आपणही अर्पण करतो, पण तारण मिळविण्यासाठी नव्हे, ते मिळाले म्हणून. स्तुती, परोपकार आणि स्वतःचे जिवंत शरीर ही ती अर्पणे होत (इब्री १३:१५-१६, रोम १२:१). येत्या उत्तम शुक्रवारी वधस्तंभाविषयी बोलताना प्रत्येक उपदेशकाने आपले टिपण एकदा याच प्रश्नाने तपासावे : यात देणारा कोण आहे?