पांढरा घोडा राखाडी का होतो?

मंडळी, सारंगखेड्याची यात्रा आपल्या तळोद्याहून काही फार लांब नाही. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आम्ही एकदा कॅमेरा ऑटोवर ठेवून पांढऱ्याशुभ्र घोड्याचा फोटो काढला, अगदी चौकट भरून. घरी येऊन बघतो तर घोडा राखाडी! पुढच्या फोटोतला काळा घोडा, तोही राखाडीच.

असं का व्हावं? कॅमेऱ्यातला प्रकाशमापक वस्तूकडून परत येणारा प्रकाश मोजतो. घोडा पांढरा की काळा, हे त्याला कळत नाही. समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे, असं त्यानं धरलेलं असतं. पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी ती छटा. पांढऱ्या घोड्याकडून जास्त प्रकाश आला, की तो समजतो ऊन फार आहे, आणि प्रकाश कमी करतो. काळ्याच्या बाबतीत उलट. नवे कॅमेरे चेहरे ओळखतात, त्यांचा अंदाज सुधारलाय. पण तो अंदाजच.

मग मॅन्युअल वापरावं का? इथे एक गंमत आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ आपल्या हातानं फिरवलं आणि मापकाचा काटा शून्यावर आणून ठेवला, तर घोडा पुन्हा राखाडीच येणार! हात आपले, निर्णय मात्र यंत्राचाच. म्हणजे खरा भेद बटणांचा नाही. काटा शून्यावर असावा की नसावा, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आहे.

उलट, ऑटोवर राहूनही आपल्याला ठरवता येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन त्यासाठीच असतं. पांढऱ्यासाठी एक ते दोन स्टॉप अधिक, काळ्यासाठी उणे. एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, घटवला की निम्मा. धावत्या घोड्यावर फोकस धरायचा तर तो ऑटोवर खुशाल सोडावा. आमचे हात काही तेवढे चपळ नाहीत.

हे सगळं घोड्यापुरतं असतं, तर आम्ही आज बोललो नसतो. नोकरीत असताना प्रवेश-अर्जांसाठी मुलांचे फोटो आम्हीच काढले होते. मागे पांढरा पडदा, कॅमेरा ऑटोवर. पाड्यावरून आलेला एक सावळा मुलगा फोटो बघून म्हणाला, "सर, यात माझे डोळेच दिसत नाहीत." पडद्याचा उजेड आवरताना कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा अंधारात लोटला होता. कॅमेऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. बघायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नव्हतं.

आता उपाय तुमच्या खिशात आहे. बहुतेक मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवलं, की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते हळूहळू वर सरकवा, डोळे दिसेपर्यंत. पडदा जास्त पांढरा झाला तर होऊ द्या. फोटो काही पडद्याचा काढत नाही आपण.